कणकुंबीच्या चढावर इंजिन थांबले

निपाणीच्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराने मला फसवले. बिघडलेला डिझेल पंप घासूनपुसून त्याने तो मला दुरुस्त म्हणून विकला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात देवीची कृपा आहे, आणि कृपा झाली म्हणून लबाडी झालीच नाही असे कोणी समजू नये.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बेळगावच्या अनगोळात राहून हमाली करत करत मी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली होती आणि बेळगावची भाजी गावोगाव पोचवत होतो. डिझेल पंप म्हणजे गाडीचे डोकेच. इंजिनाला किती तेल द्यायचे, कुठे आवरायचे, हे तोच ठरवतो. माझ्या गाडीचा पंप गेला तेव्हा मी निपाणी गाठली. तो दुकानदार मूळचा बैलबाजारातला दलाल. भाव त्याने रुमालाखाली करायला घेतला. वर रुमाल टाकायचा, आत एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगायचा, तोंडाने बोलायचे नाही. या खेळात मला कोणी हरवलेले नव्हते. मी आकडा खाली आणत गेलो. शेवटी तो म्हणाला की एवढ्या भावात पंप मशीनवर लावून तपासून देणे परवडत नाही. मी म्हणालो, मग तपासणी कापा. हातावर हात पडला. हात मिळाल्यावर मालाबद्दल शंका काढणे आमच्यात कमीपणाचे. मी जिंकल्याच्या ऐटीत पंप घेऊन आलो आणि बसवून घेतला.

चार दिवसांनी आक्काला घेऊन कणकुंबीच्या माउली देवीच्या दर्शनाला निघालो. आक्का माझी थोरली बहीण. आईबाप गेल्यावर लोकांची भांडी घासून तिनेच मला वाढवले. तिचे गुडघे धरलेले असत, म्हणून मागे गादी घालून तिला बसवले आणि दाराला बाहेरून कडी लावली. खरे सांगायचे तर माझी देवावर फारशी भिस्त नव्हती. नवससुद्धा मी घासाघीस करून बोलायचो. आक्काचे मन राखायचे म्हणून चाललो होतो. वाटेत निपाणीचा सौदा तिला रंगवून सांगितला, तपासणी कशी कापली तेही.

कणकुंबी जवळ आली होती. पावसाची झिमझिम होती. एका चढावर म्हशी आडव्या आल्या म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेक दाबला, तर इंजिनाचा वेग खाली येईना. पाय वर, तरी आवाज चढतच चालला. गिअर काढला, चावी फिरवली, बंद करायची दांडी ओढली. काही उपयोग झाला नाही. काळ्या धुराने रस्ता दिसेनासा झाला. हँडब्रेक त्या चढाला धरत नव्हता. पायाचा ब्रेक सोडून उतरलो तर गाडी मागे गडगडत ओढ्यात, आक्कासकट. बसून राहिलो तर इंजिन फुटून आग, तीही आक्कासकट. ब्रेक दाबून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला असता तर इंजिन गुदमरून बंद पडले असते, हे पुढे मला दहा जणांनी ऐकवले. त्या क्षणी सुचले नाही. मागून आक्का विचारत होती, "काय झालं रं?" जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे भाव करायला काही नव्हते. "माउली, आक्काला राख," एवढेच तोंडातून निघाले. बदल्यात काही कबूल केले नाही, तेवढे भानच नव्हते.

तेवढ्यात डावे दार उघडून एक उतारवयाचा माणूस आत चढला. अंगावर भिजलेले घोंगडे. त्याने थेट दोन सीटांमधले इंजिनाचे झाकण उचलले, हवेच्या फिल्टरची टोपी काढली, घोंगड्याची घडी त्या तोंडावर दाबली आणि दोन्ही हातांनी जोर दिला. इंजिनाने दोन-तीन गचके खाल्ले आणि ते थांबले. मग म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या.

"गिरणीच्या इंजिनाला आसं व्हतंय कवाकवा," तो म्हणाला. "हवा मिळाली न्हाय की गप बसतंय."

त्याने उतरून चाकांमागे दगड लावले. जवळच्या गावात भाताच्या गिरणीचे इंजिन तो सांभाळत असे. बस चुकली म्हणून चालत निघाला होता. घोंगड्याला मोठे भोक पडलेले पाहून मी खिशात हात घातला.

"मालक, आदी म्हाताऱ्या बाईला भाईर काढा की. खिसा कुटं जातोय?"

गाडी तिथेच सोडून आम्ही बैलगाडीने देवळात गेलो. आमच्या भागात गाऱ्हाणे म्हणजे गुरवाने देवीपुढे उभे राहून माणसाची तक्रार सगळ्यांदेखत मांडायची. मी गुरवाला म्हणालो, निपाणीच्या त्या लबाडाचे वाटोळे माग. तो म्हणाला, एकाच बाजूचे गाऱ्हाणे देवीपुढे ठेवत नाही, तुमच्याकडून काय घडले तेही सांगा. मी भडकलो, देवळात आवाज चढवला. आक्का खांबाला टेकून बसली होती.

"तपासणी कुणी कापली ते सांग की रं," ती म्हणाली.

मान खाली घालून सांगितले. गुरवाने ते जसेच्या तसे खणखणीत आवाजात देवीला ऐकवले. लोक वळून पाहत होते. मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि थोड्या वेळाने छाती हलकी झाली. वाटोळे मागायचे राहूनच गेले.

दुसरा पंप मी बेळगावात मशीनसमोर उभा राहून, तपासून घेतला. पुढच्या आठवड्यात गिरणीवर नवे घोंगडे घेऊन गेलो. त्या भल्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिले, वीण सैल आहे म्हणाला आणि हसत अंगावर घेतले. तो चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. एकाची बस चुकते, त्याला नेमके गिरणीचे इंजिन ठाऊक असते, घोंगडे नेमके हवा अडवण्याइतके ओले असते, हे सगळे त्याच चढावर जमून येते. त्यात माझी हुशारी कुठेच नव्हती. शरण जाणे म्हणजे हात जोडणे असे मला वाटायचे. आता वाटते, देण्यासारखे काही उरले नाही तरीही मागता येणे, आणि मिळाल्यावर आपलाही दोष बोलता येणे. आक्का त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली, माझ्याशी भांडत, मला जेवू घालत. त्या प्रत्येक वर्षासाठी मी माउलीचा ऋणी आहे.

पण एक गोष्ट उरते. जुना पंप खोलला तेव्हा आतली तेल आवरणारी स्प्रिंग तुटलेली आणि तारेने बांधलेली निघाली. म्हणजे त्या दुकानदाराने तो उघडला होता, मोडके पाहिले होते, आणि पुन्हा बंद करून माझ्या हातात दिला होता. माझी बाजू मी चारचौघांत सांगितली. त्याची अजून बाकी आहे. मला पैसे नकोत, त्याचे वाईटही नको. त्याने कणकुंबीला यावे, देवीपुढे उभे राहावे आणि ती तार बांधताना गाडीत कोण बसणार आहे याचा विचार मनात आला होता की नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगावे.