क्लिफर्डला कोणीतरी टोमणा मारा

इंग्लंडमधल्या आमच्या अ‍ॅक्रिंग्टन गावात क्लिफर्ड ऑग्डेनने बत्तीस वर्षं पावाची गाडी चालवली आणि त्या गाडीतून जुनी गाणी गोळा केली. दारात आलेल्या म्हातारीला तो विचारायचा, "आजी, तुमचे वडील पिऊन आले की काय गायचे?" म्हातारी आधी लाजायची, मग पाव काखेत धरून म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाण्या-विनोदाच्या जुन्या थिएटरांच्या काळातलं एखादं चावट गाणं नाहीतर बोकडाला लग्नाला घेऊन गेलेल्या माणसाची लांबलचक विनोदी कविता म्हणून दाखवायची. क्लिफर्ड ते सगळं पाव गुंडाळायच्या कागदावर उतरवून घ्यायचा. पुढच्या गल्लीतली गिऱ्हाइकं तोवर पावाची वाट बघत बसायची. त्या कागदांवरच ही जुनी गाणी स्टेजवर गाणारं आमचं मंडळ उभं राहिलं. चाली मी पियानोवर बसवल्या, त्याही त्याच्या बेसूर गुणगुणण्यावरून, आणि त्याबद्दल त्याने मला कधी धड शाबासकी दिली नाही.

गाता येत नाही म्हणून तो चेअरमन झाला. आमच्याकडे चेअरमन म्हणजे स्टेजच्या कडेला हातोडा घेऊन बसणारा आणि जड जड शब्दांत गायकांची ओळख करून देणारा माणूस. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल करायची आणि त्याने ती दामदुपटीने परत करायची, ही रीतच आहे. टिंगलीत पहिला नंबर त्याच्या बायकोचा, माव्हिसचा. तिसऱ्या रांगेतून ती ओरडायची, "आवर की आता, पुडिंग करपलं!" हा म्हणायचा, "न करपलेलं पुडिंग मी लग्नानंतर पाहिलेलंच नाही!" सगळा हॉल हसत सुटायचा. प्रत्येक भाषणात तो तिच्यासाठी एक जागा मोकळी ठेवायचा.

फेब्रुवारीत माव्हिस गेली. तेव्हापासून गाव क्लिफर्डशी कुजबुजत बोलायला लागलं. पबमध्येसुद्धा कोणी त्याची फिरकी घेईना. जूनमधल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "विनी, लोक माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखं बोलतात गं. उद्याही हॉल असाच गप्प बसला ना, तर हातोडा ठेवून देणार. चेअरमनची कीव आली की तो संपला."

"काहीतरीच बोलू नकोस," मी म्हटलं.

माव्हिसची धाकटी बहीण डोरीन तर त्याच्याशी बोलतच नव्हती. "धड चार महिने झाले नाहीत आणि हा निघाला नाचायला!" असं तिने भर बाजारात सांगितलं होतं. तरी चहाचं काम तिच्याकडे, म्हणून शनिवारी दुपारी कार्यक्रमाला ती चर्चच्या हॉलमध्ये मागे किटलीपाशी तोंड फुगवून उभी होती.

क्लिफर्ड आला तेव्हा मला त्याच्या मिशीत अंड्याचा बलक वाळलेला दिसला. पूर्वी माव्हिस रुमालाने पुसून त्याला घराबाहेर सोडायची. मी सांगणार होते, पण म्हटलं, आधीच बिचारा... आणि गप्प बसले.

त्याने हातोडा आपटला आणि भाषण सुरू केलं. जड शब्द आला की लोकांनी 'ओऽऽऽ' करायचं असतं. त्यांनी केलं, पण प्रार्थनेत आमेन म्हणावं तसं. मग ती मोकळी जागा आली. तो थांबला आणि तिसऱ्या रांगेकडे बघत राहिला.

शंभर माणसं, पण कोणी हूं की चूं करेना. कोणीतरी हळूच टाळ्या वाजवल्या, सहानुभूतीच्या. त्या मेल्याचे हात बांधून ठेवावेत असं मला वाटलं. क्लिफर्डने हातोडा टेबलावर आडवा ठेवला.

"क्लिफर्ड ऑग्डेन!" मागे किटलीचं झाकण आदळलं. "मिशीला सकाळचं अंडं लागलंय! चारचौघांत उभं राहायचं तर तोंड तरी धुवून यायचं!"

डोरीन होती. सगळे दचकून मागे वळले. ती काही चेष्टा करत नव्हती, खरोखरच चिडली होती.

क्लिफर्डने मिशी चाचपली. बलकाचा तुकडा हातात आला. त्याने तो दिव्यासमोर धरून नीट पाहिला. मग हातोडा उचलला.

"मुद्दाम ठेवलंय!" तो गरजला. "मध्यंतरात तुझे सँडविच खायची वेळ येऊ नये म्हणून!"

हॉल फुटला. पुढच्या रांगेतला खाटीक ओरडला, "कोंबडीपण आहे का रे आत?" एक आजी म्हणाली, "टकलावर टोपी घाल, डोळे दिपतात!" चार महिने तोंड दाबून बसलेलं गाव एकदम सुटलं. क्लिफर्ड एकेकाला झोडपत होता आणि मधेच डोळे पुसत होता. मला इतकं हायसं वाटलं की पहिलंच गाणं मी भलत्या पट्टीत सुरू केलं. त्यावरून मलाही बोलणी बसली, आणि तीही गोड लागली.

मध्यंतरात डोरीन ओलं फडकं घेऊन आली. त्याची हनुवटी धरून तिने मिशी खसाखसा पुसली. "लाज नाही वाटत? माव्हिस असती तर..."

"माव्हिस असती तर म्हणाली असती, आवाज कमी पडला," क्लिफर्ड म्हणाला. "पुढच्या वेळी जरा पुढे येऊन बस. तिसऱ्या रांगेत."