खड्ड्यातला काळा कोपरा

गावोगाव शेतीच्या नव्या पद्धती दाखवत फिरणारे शेतकी खात्याचे कामदार कारंज्याचे होते. आमच्या जऊळक्यात सगळे त्यांना चाचाच म्हणत. बोलण्याआधी हातातली वस्तू हुंगायची त्यांची सवय होती. माती, कडबा, आम्ही दिलेला चहासुद्धा. त्या वर्षी आमच्या वावरात त्यांनी खड्डा खणवला, हिरवी ज्वारी कापून त्यात तुडवली, थराथरावर आंबट ताक शिंपडलं आणि वर माती लोटली.

"चाचा, चांगला चारा कायले सडवून राह्यले?" वडिलांनी विचारलं.

"सडत नाही, मुरते. ताकाचं विरजणच त्याले राखते."

उन्हाळ्यात बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा खड्डा उघडला. हसायला म्हणून अर्धं गाव जमलं होतं. वरचा चारा पिवळसर, आंबूस वासाचा निघाला. मला वाटलं, चाचा आता तोच मिरवतील. पण ते आत उतरले आणि एका कोपऱ्यातून बुरशी धरलेला काळा चारा काढून त्यांनी सगळ्यांसमोर ठेवला.

"इथं ताक सरलं होतं, अन् तुडवायचीही मी घाई केली. हे जनावराले घालू नका," ते म्हणाले. मग चांगल्यातला चिमूटभर स्वतः चावून पाहिला.

कोणी हसलं नाही. वडील टोपलं घेऊन खाली उतरले आणि दोघांनी मिळून तो कोपरा साफ केला. त्या संध्याकाळी बैलांनी गव्हाणी चाटूनपुसून रिकाम्या केल्या.

पुढच्या हंगामात वडिलांनी खड्डा स्वतः खणला आणि ताकाच्या घागरी भरून ठेवल्यावर चाचांना निरोप धाडला.