साहेबाच्या मुलाची मॅच

आईस हॉकी मी आयुष्यात एकदाच पाहिली. तीही सौदीत, अबकैकजवळच्या एका कंपाउंडमध्ये, साहेबाच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर. आजही त्या खेळाचं कुणी नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

इराकने कुवेत घेतलं त्या वर्षीचा हिवाळा. मी इंडियन स्कूलमध्ये बारावीला होतो. अब्बा मूळचे रत्नागिरीकडचे, एका ठेकेदार कंपनीत एसीचे फोरमन. आम्हा तिघांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि लढाईची चिन्हं दिसू लागल्यावर कंपनीने देशाबाहेर जायचे शिक्केच बंद केलेले. अम्मीला सतरा वर्षांनी दिवस गेले होते. प्रेशर वाढलेलं, पाय सुजलेले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला माहेरी पाठवा, इथली धावपळ झेपायची नाही. अब्बा मागे राहणार, मी अम्मीला घेऊन जाणार, असं घरात ठरलंही होतं. अडलं होतं ते मॅनेजरच्या एका शब्दावर. मॅनेजर अमेरिकन. त्याने नुसता फोन उचलला तरी काम होईल, हे सगळ्या कॅम्पाला ठाऊक होतं.

आणि त्याच मॅनेजरने अब्बांना घरी बोलावलं. स्वतःच्या बायकोला त्याने केव्हाच अमेरिकेला धाडलं होतं. मुलगा तिकडे कॉलेजात होता, कॉलेजच्या संघात आईस हॉकी खेळायचा. त्याच्या मॅचची कॅसेट टपालाने आली होती आणि ती एकट्याने बघायचा साहेबाला कंटाळा आला असावा. अब्बा त्याचा एसी दुरुस्त करून निघाले तेव्हा म्हणाला, संध्याकाळी मुलाला घेऊन ये, तोही शिकतोच आहे ना.

अम्मीचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "अल्लानंच दार उघडलंन," ती म्हणाली. सुजल्या पायांवर उभी राहून तिने नारळाच्या वड्या केल्या, अब्बांच्या शर्टाला इस्त्री केली आणि मला दम भरला, "अब्बा सायबाशी बोलत असले की तू मध्ये तोंड घालू नको."

मगरिबच्या नमाजानंतर आम्ही गेलो. कोचाच्या काठावर बसलो. पडद्यावर पांढराशुभ्र बर्फ, आणि त्यावर चिलखत घातल्यासारखी पोरं एकमेकांना कठड्यावर आपटत होती. ज्या चकतीसाठी हे सगळं चाललं होतं ती मला शेवटपर्यंत दिसली नाही. साहेबाचा मुलगा नऊ नंबरचा. त्याने गोल केला की साहेब कॅसेट मागे घ्यायचा, पुन्हा गोल, पुन्हा टाळ्या. अब्बाही टाळ्या वाजवायचे. त्या मुलाच्या तोंडातून वाफ निघत होती, मागे त्याच्या कॉलेजातल्या मुली किंचाळत होत्या. माझ्याहून तो फार तर दोन वर्षांनी मोठा. मला त्याचा मनस्वी हेवा वाटला.

साहेबाने पिझ्झा पुढे केला. अब्बा म्हणाले, "नो सर, थँक्यू." साहेबाने मान हलवली आणि खोका आत नेऊन ठेवला.

आमच्याकडे असं नसतं. पहिल्यांदा कुणी काही पुढे केलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की संकोचायचं, आणि तिसऱ्यांदा हात पुढे करायचा. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट. अब्बा याच शिस्तीत वाढलेले, आणि परदेशात इतकी वर्षं काढूनही ती त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

मॅच संपली. दाराशी साहेबाने अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपणहून विचारलं, "घरी सगळं ठीक ना? माझ्याकडून काही मदत हवी असली तर सांग."

मी अब्बांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. बायको पोटुशी आहे हे परक्या पुरुषाला सांगायचं, तेही मिसरूड फुटलेल्या मुलासमोर!

"नो सर," अब्बा म्हणाले, "एव्हरीथिंग ओके." आणि हसत उभे राहिले, साहेब पुन्हा विचारेल म्हणून.

साहेब म्हणाला, "गुड." दार लागलं.

अम्मी जिन्यातच उभी होती. "काय बोलला सायब?"

"फार भला माणूस," अब्बा म्हणाले. "त्यानंच विचारलंन. पुढच्या खेपेला सांगतो."

त्याच आठवड्यात साहेब अमेरिकेला निघून गेला. तो वाईट नव्हता, हेच मला जास्त खुपतं. शिव्या द्यायलाही कुणी उरत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या भिडेने तर भीकसुद्धा मागू दिली नाही.

जानेवारीत क्षेपणास्त्रं पडू लागली. भोंगा वाजला की अम्मीला धरून तळघरात न्यायचं. एकदा अंधारात तिचा पाय घसरला. मुलगा झाला तो वेळेआधी, आणि रडलाच नाही. अब्बांनी त्याला तिथल्याच वाळूत दफन केलं.

लढाई थांबल्यावर शिक्के पुन्हा सुरू झाले, तेही कुणी शब्द न टाकता. आम्ही कायमचे निघालो. ऑफिसातल्या केरळी कारकुनाने पासपोर्ट पुढ्यात ओढत विचारलं, "फॅमिली में कितने लोग?"

"तीन," अब्बा म्हणाले.

मागे बाकावर अम्मी बसली होती. "चार सांगा," ती म्हणाली. "एकाला इथं ठेवून चाललो, तो काय आपला नव्हता?"

अब्बांनी मागे वळून पाहिलं नाही. कारकुनाला मराठी येत नव्हतं. त्याने तीन शिक्के मारले.