रांगेत माझ्या पुढचे काका

"शेवटचो कोण?"

एक पाय व्हरांड्याच्या पायरीवर, दुसरा अजून मातीत, उन्हासाठी कपाळावर आडवा धरलेला हात, आणि हा प्रश्न. नमस्कार नाही, 'बरे आहात का' नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दर बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर बाहेरगावाहून यायचे आणि दर बुधवारी काका असेच उगवायचे. कोणी उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारायचे, वरच्या पट्टीत, बोटीवरून धक्क्यावरच्या माणसाला हाक मारावी तसे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेवटची मीच होते. वर्गात करतात तसा मी हात वर केला.

"आणि तू कोणाच्या पाठी?"

मला सांगता येईना. तुम्हीही अशा रांगेत बसला असाल, म्हणून तुम्हाला ठाऊक असेल. माणसं सावलीत जातात आणि रांगेत त्यांच्या चपला उभ्या राहतात. माझ्या पुढे एक निळी रबरी चप्पल होती, तिच्यापुढे पाण्याची बाटली, तिच्यापुढे दगडाखाली ठेवलेला केसपेपर. मी चपलेकडे बोट दाखवलं.

"चप्पल तुका वळखता?" काका म्हणाले.

आई फिसकन हसली. आई सहसा सरकारी जागेत हसत नाही. ती काजूच्या फॅक्टरीत काजूगर सोलायला जाते. तिचे डोळे सारखे पाणावतात, म्हणून मी तिला घेऊन येत होते. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे सरकारी कचेरीतली प्रत्येक खिडकी, प्रत्येक साहेब माझ्या वाट्याला. कणकवलीचं कॉलेज बुडवून मी तिथे बसायचे आणि शुद्ध मराठीत बोलण्याची वाक्यं मनात जुळवत राहायचे. बोलायची वेळ आली की ती निम्मी विसरायचे.

काका विजयदुर्गाकडचे, आयुष्यभर बोटीवर खलाशी. एकदा त्यांच्या बोटीचं इंजिन बिघडलं आणि सुटा भाग येईना, म्हणून सगळी बोट महिनोन्‌महिने क्यूबा देशात, हवानाच्या गोदीत पडून राहिली. इतर खलाशी पत्ते खेळत बसले. काका शहरात फिरले. फिरले म्हणजे बहुतेक रांगेत बसले, असं तेच सांगायचे. तिथे पाव रांगेत, तेल रांगेत, बस रांगेत. गोदीच्या फाटकाबाहेर एक म्हातारी आपल्या घराच्या खिडकीतून कॉफी विकायची. तिचे पाय सुजलेले. तिनेच काकांना पावाच्या रांगेत आपल्या जागी धाडलं आणि त्या भाषेतले दोनच शब्द शिकवले, 'एल उल्तिमो?', म्हणजे शेवटचा कोण?

"थंय उभ्यान रवूचां नाय," काका आम्हाला समजावायचे. "इचारूचां, शेवटचो कोण. तेचो चेहरो धेनात धरूचो. तो कोणाच्या पाठी ताय इचारूचां. मगे खुशाल सावलेत जाऊन बसा."

पण हवानातल्या पहिल्या दिवशी त्यांना हे शेवटचं वाक्य कळलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, एका माणसाने हात वर केला, आणि तो माणूस सिगारेट ओढायला कोपऱ्यावर गेला. काका त्याच्या पाठोपाठ गेले. तो न्हाव्याकडे गेला. काका न्हाव्याच्या दारात उभे राहिले. तो घरी गेला. काका घरापर्यंत. बायकोने दारातल्या झुलत्या खुर्चीवरून विचारलं, हा कोण? तो म्हणाला, हा माझ्या मागचा. तिने काकांना आत बोलावून कॉफी दिली.

"माज्या जिवा, साखर किती, म्हणून इचारल्यान माका," काका सांगायचे. "थंय सगळ्यांकच माज्या जिवा म्हणतत. दुकानदारीणसुद्धा. हय दुकानदार काय म्हणता? पुढे सरा!"

हळूहळू आमच्या व्हरांड्यात चपला कमी झाल्या. येणारा विचारू लागला, बसलेला हात वर करू लागला. माणसं जांभळाखाली पारावर बसू लागली. एक मासेवाली मावशी तर बाजार उरकून यायची आणि आपली पुढची बाई कोण ते लांबूनच ओळखायची. मला वाटलं होतं, एवढ्याने सगळं ठीक होईल.

त्याच दिवसांत कॉलेजात एका देशावर प्रकल्प करायचा होता. मी क्यूबा घेतला आणि मोबाइलवर रंगीत जुन्या गाड्यांचे फोटो जमवले. प्रवासाला जाऊन आलेले सगळे तेच फोटो टाकतात. काकांनी मोबाइल नाकापाशी नेला. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नजरेच्या कडा आधी जातात, मग मधलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्या गाड्येत मी कधी बसलंयच नाय," ते म्हणाले. आणि मग जरा रागाने, "माणसां खंय आसत गो ह्येच्यात?"

मी फोटो पुन्हा पाहिले. खरंच नव्हती. भिंती होत्या, गाड्या होत्या, समुद्राकाठच्या लांब भिंतीवर फुटणारी लाट होती. मला आमच्या किनाऱ्याचे फोटो आठवले. होडी, माड, मावळता सूर्य. त्यांतही आम्ही नसतो. असलोच तर टोपली डोक्यावर घेऊन, पाठमोरे.

तिथलं सगळं गोड होतं असं काका कधी म्हणाले नाहीत. सकाळभर बसून पाव संपायचा. वीज जायची. ओळखीने घुसणारे तिथेही होते, परदेशी माणसांसाठी वेगळी खिडकीही होती. एकदा आइस्क्रीमच्या रांगेत रखवालदाराने काकांचा दंड धरला आणि त्यांना त्या वेगळ्या खिडकीकडे न्यायला लागला. त्या दिवशी सोबत आलेल्या कॉफीवाल्या म्हातारीने दुसरा दंड धरला.

"म्हणता कशी, हो माज्या पाठचो! हयच रवतलो!" काका दोन्ही हात ताणून दाखवायचे. "आणि तिच्या पुढचो म्हणता, होय, हिच्या पाठचोच. सगळी लाईन बोलाक लागली. रखवालदार गेलो निघान. मी पावणो होतंय, पण माका कोणी पुढे नाय काढलां. लायनीत घेतलां."

हे 'लायनीत घेतलां' ते असं म्हणायचे, की जणू कुणी घरात घेतलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते शांतपणे सांगता येईल असं मला वाटत नाही.

डोळ्यांच्या खोलीच्या दाराशी शिपाई असायचा. डॉक्टर दुपारी जेवणाच्या वेळेला निघून जायचे. त्याआधी गाड्या यायच्या. कोणाकडे पुढाऱ्याची चिठ्ठी, कोणाकडे नुसताच फोन. शिपाई फोन कानाला लावून "होय साहेब, होय साहेब" म्हणायचा आणि दार उघडायचा. एका बुधवारी काकांचा नंबर आला होता. ते खांबाला धरून उभेही राहिले होते. तेवढ्यात एका रिसॉर्टचा माणूस एका पर्यटकाला घेऊन आला. पाण्याखाली मासे बघायला गेला होता, डोळे लाल झाले होते.

"पावणे आसत, जरा जावंदेत," शिपाई म्हणाला.

पाहुणे आत गेले. त्यांच्या मागून चिठ्ठीवाले दोघे गेले. मग डॉक्टर बाहेर आले ते थेट गाडीत बसायला. लाल डोळे दोन दिवसांत आपोआप बरे होतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हे मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं आणि तिथेच मला रडू फुटलं, रागाने.

पुढच्या बुधवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या बुधवारी डॉक्टरच आले नाहीत, आणि तसं सांगायलाही कोणी बाहेर आलं नाही. 'खासगीत जा' म्हणणारे पुष्कळ होते. सांगणाऱ्याला ते सोपं असतं.

मी काकांना म्हटलं, "आमच्या एका सरांची ओळख आहे. मी चिठ्ठी आणते."

"नको."

"काकानू, डोळे जातील तुमचे!"

"माका माझो नंबर व्हयो," ते म्हणाले. "दुसऱ्याचो नको. चिठ्ठी घेऊन मी आत गेलंय, तर हय बसलेल्या माणसांका काय तोंड दाखवू?"

मला त्यांचाही राग आला. आजही येतो. असा कसला हा हट्ट? रांग मोडणारे खुशाल घरी जाऊन जेवतात आणि रांग पाळणाऱ्याने डोळे द्यायचे? मी त्या दिवशी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते मात्र जाताना आईला माझ्याबद्दल म्हणाले, "चेडू बरां आसा तुझां. तापट आसा, बरां आसा."

मग तो बुधवार आला. काका पुढे, त्यांच्या मागे मी आणि आई. शिपायाने विचारलं, "पुढचो कोण?"

"मी," म्हणून काका उठले. आणि पायऱ्यांवर पांढऱ्या शर्टवाला एक माणूस आला, हातात घडी घातलेली चिठ्ठी. शिपायाचा हात दारावर आडवा झाला.

"काकानू, दोन मिन्टां बसा."

काका बसले. ज्या सवयीने ते मुकाट बसले, ती सवय बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले. मनात जुळवलेली सगळी शुद्ध वाक्यं पळाली.

"त्यांचा नंबर आहे," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला.

"तू कोण त्यांची?"

"मी त्यांच्या मागची."

पंखा तेवढा कुरकुरत होता. लोक आपापल्या पायांकडे बघत होते, आणि मला वाटलं, संपलं. तेव्हा माझ्या मागून आवाज आला. सरकारी जागेत कधी तोंड न उघडणाऱ्या माझ्या आईचा.

"आणि मी हिच्या पाठची."

"मी हिच्या पाठची," मासेवाली मावशी पारावरून ओरडली. "आणि तू रे चिठ्ठीवाल्या, तू कोणाच्या पाठी?"

"मी मावशीच्या पाठी." "मी ह्या भाऊंच्या." एक म्हातारा गडबडला, "मी... मी कोणाच्या पाठी रे?" आणि दोघेतिघे एकदम म्हणाले, "माज्या, मेल्या!" लोक हसले. हसताहसताच उभे राहिले. पांढऱ्या शर्टवाल्याने मोबाइल काढला, त्यात बघितल्यासारखं केलं आणि तो पायऱ्या उतरून गेला. शिपायाने हात खाली घेतला.

एवढंच करायचं होतं. एवढंच. ते आम्ही पहिल्या बुधवारी का नाही केलं? शिपायावर, चिठ्ठ्यांवर, लाल डोळ्यांच्या पाहुण्यावर मी रागावते, पण हा प्रश्न त्यांच्यातल्या कोणाला विचारता येत नाही.

दार उघडंच राहिलं होतं. डॉक्टरांनी बॅटरीचा प्रकाश काकांच्या डोळ्यांत टाकला, पुन्हा टाकला. मग त्यांचा आवाज बाहेर आला. डावा डोळा गेला होता. उजव्यातलं थोडं उरलं होतं, ते थेंब घालून टिकवता आलं तर बघायचं.

"आजोबा, इतके दिवस होतात कुठे तुम्ही?"

"हयसरच होतंय," काका म्हणाले. "भायर."

त्यानंतर काका रुग्णालयात दिसले नाहीत. मुलाने त्यांना आपल्याकडे पुण्याला नेल्याचं मावशीकडून कळलं. पण मला ते दिसतात ते त्या दारातच. बाहेर येऊन ते उंबऱ्यावर थांबले, एक हात चौकटीवर. मी हाताच्या अंतरावर उभी होते आणि ते माझ्या जरा डावीकडे, रिकाम्या जागेकडे बघत होते.

"माज्या पाठी कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, काकानू."

त्यांचा चेहरा आवाजाकडे वळला. चौकटीवरचा हात काढून त्यांनी दार मोकळं केलं.

"जा गो चेडवा. आवशीक घेऊन जा. तुमचो नंबर."