पोटऱ्यांचं दुखणं

आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी आज्यांचा व्यायाम चालतो. "हात वर!" म्हटलं, की प्रत्येकीचा एक हात वर जातो आणि दुसरा पदर सावरतो. गॅलरीतून बघताना मला रोज हसू येतं.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. दिवसभर खिडकीशी बसते. "काही दुखतंय का?" विचारलं, की "काही नाही गं," एवढंच म्हणते. आज शेजारच्या कुसुमकाकू तिला जवळजवळ ओढतच खाली घेऊन गेल्या.

व्यायाम संपल्यावर काकूंनी हातांची फुली करून आईपुढे धरली.

"अहो, माझे गुडघे!"

"माझे तरी कुठे धड आहेत? धरा हात."

आई ताठ उभी राहूनच फिरायला लागली. फुगडी अशी होते होय! पाय जुळवून मागे झुकावं लागतं, आपला भार समोरचीच्या हातांत सोडावा लागतो. एकटं पडणं म्हणजे तरी काय, असं झुकायला समोर कुणी न उरणं. हळूहळू आईची मान मागे गेली, फुगडीने वेग घेतला, बाकीच्या टाळ्या वाजवू लागल्या. मी मात्र कठडा घट्ट धरून उभी.

आई धापा टाकत वर आली आणि पाय चेपत म्हणाली, "पोटऱ्या काय दुखतायत गं माझ्या!"

कितीतरी महिन्यांनी तिने तक्रार केली होती. मी आनंदाने तेल कोमट करायला धावले.

"जरा जास्तच कर," मागून आवाज आला, "उद्याही लागेल."