यामाबुकी आणि दक्षिणेची भिंत

तोमे हिराबायाशीच्या अंगणातलं ऊन गेलं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती, घरात एकटी. शेजारच्या मुरोगाने आपल्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या, दुकानामागे दुमजली गोदाम उठवलं, नेमकं तिच्या दक्षिणेला. बांधकामाआधी तो मिठाईचा डबा घेऊन आला, कमरेत वाकून म्हणाला, "आजी, थोडी सावली पडेल. सांभाळून घ्या."

थोडी कसली, दिवसभराची पडली. वळचणीला वाळत घातलेल्या मुळ्यांना बुरशी चढली. नवऱ्याने मरेपर्यंत जपलेली शेवंती एका पावसाळ्यात कुजली.

गल्लीच्या बैठकीत तिने विषय काढला, तर सगळे आपापल्या चहात बघत बसले. गल्लीचा प्रमुख म्हणाला, "किसोच्या दरीत ऊन कुणाला पुरलंय, आजी? जरा सोसा."

"गिरणीत रेशीम काढत तीस वर्षं सोसलं. आता तुम्ही सोसून बघा," असं म्हणून ती चप्पल घालून निघून आली.

बर्फ वितळल्यावर कुदळ घेऊन ती ओढ्याकाठी गेली. तिथे देवदारांच्या गडद सावलीत यामाबुकी, पिवळ्या फुलांचं रानझुडूप, माजलेली असते. तिने तीन गड्डे मुळांसकट उपटले, शेवंतीच्या जागी चर खणला, पानांचं खत भरलं आणि लावले. कुदळीच्या प्रत्येक घावाबरोबर मुरोगाचा उद्धार चालू होता.

झुडूप तिच्याच स्वभावाचं निघालं. कुणी विचारो न विचारो, जमिनीखालून पाय पसरत गेलं. फुलं झडली की ती जुन्या काड्या बुडातून कापायची, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. चौथ्या वसंतात गोदामाच्या भिंतीखाली पिवळीधमक रांग उभी राहिली. रस्त्याने जाणारे थांबून वाखाणायचे. त्यात बैठकीतली मंडळीही असत. तोमे त्यांच्या तोंडावर दार ओढून घ्यायची.

पाचव्या वर्षी फुटवे कुंपणाखालून मुरोगाच्या खडीत निघाले. एक दिवस त्याने न सांगता त्यांच्यावर तणनाशक मारलं. ते मुळांतून इकडे उतरलं आणि ऐन कळ्या धरलेली निम्मी रांग दोन आठवड्यांत काळी पडली.

तोमेने एक वाळकी फांदी मोडली आणि भर गिऱ्हाइकात दुकानाच्या फळीवर ठेवली.

"हे काय, आजी?"

"तूच सांग. औषध तू मारलंस."

मुरोगाने गिऱ्हाइकांकडे बघत हसण्याचा प्रयत्न केला. "तुमचं झाड माझ्या हद्दीत आलं होतं. मी माझ्याच बाजूला मारलं."

"तुझी सावली पाच वर्षं रोज माझ्या हद्दीत येते. मी तिच्यावर काही ओतलं का? नुसती एक हाक मारून सांगायचंस. मी येऊन फुटवे उपटले असते. तेवढंही तोंड नव्हतं तुला?"

मुरोगाची बायको सुमी आतून बाहेर आली, फांदीकडे बघून माफीसाठी कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. मुरोगा मिसोच्या पिंपाचं झाकण उगाच पुसत बसला.

संध्याकाळी सुमी मिठाईचा डबा घेऊन आली. तोमेने तो उघडलाही नाही. "तुझ्यावर राग नाही, पोरी. पण हा परत ने. सावली आणली तेव्हाही डबाच आणला होता."

मग तिने मेलेली मुळं खणून काढली, खालची माती बदलली, कुंपणालगत जुनी कौलं हातभर खोल उभी पुरली. उरलेल्या गड्ड्यांचे फुटवे तोडून रिकाम्या जागी लावले. फुटवे पलीकडे जाऊ नयेत म्हणून कौलं तिनेच पुरली, याचा तिला आणखी राग आला.

तीन वर्षांत रांग पुन्हा भरली. मुरोगाने त्यानंतर कधी औषध मारलं नाही आणि माफीही मागितली नाही. रस्त्यात समोरासमोर आले तर तो टोपी काढायचा, ती सरळ पुढे जायची. मिसोसाठी ती चढावरच्या गल्लीतल्या दुकानात जायची, अर्धा तास चालत. गुडघे दुखायला लागले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "आता पुरे की, आजी. माणूस वाईट नाही तो."

"तो वाईट आहे असं मी कुठं म्हणतेय," तोमे म्हणाली. "मी त्याच्याकडचा मिसो खात नाही, एवढंच."