पाच चाळीसची धाव

"पण त्यात धोका काय, ते तरी सांग!" गुरुराज तिसऱ्यांदा म्हणाला.

"धोका कळायला डोकं लागतं. तुमचं मनगटावर बांधलंय," पद्मिनीने तव्यावरची तांदळाची अक्की रोट्टी उलटली.

जयनगरातल्या त्या घरात गुरुराज उडुपाची वेबसाइट अकरा वर्षं नांदत होती. अकरा वर्षांत लेख चार. त्यातले तीन, वेबसाइट कशी बांधली याबद्दल. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला लॅपटॉपला कुंकू लागायचं आणि साइट पुन्हा पायापासून बांधायला घेतली जायची. वाचणारे त्याच्या हाताखालचे दोघे, तेही पगारवाढीच्या आधी.

यंदा कंपनीने घड्याळ दिलं आणि लिहिण्याचा त्रासही संपला. प्लगइन जोडलं की पावलं, ठोके, नकाशावरची वाट, सगळं आपोआप पानावर. फक्त गुरुराजची वाट कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात, उपम्यासारख्या खारा भातापाशी संपायची. आलेख ओकाबोका दिसायला लागला, तसं त्याने स्वतःचं आधीचं, तसलंच जुनं घड्याळ लेकीला बांधलं, आपल्याच खात्यावर. चौदा वर्षांची सिंचना रोज पहाटे मैदानापर्यंत पळायची. पानावर ती धाव बापाच्या नावाने चढायची, आणि ऑफिसातले दोघे 'वा सर' लिहायचे.

आज मैदानावर एका अनोळखी माणसाने तिला हटकलं होतं. "वेबसाइटवर अप्पांचं नाव, पण पळतेस तू! पाच चाळीसला निघतेस ना घरातून?"

"अगं, स्टॅटिक साइट आहे ती," गुरुराज म्हणाला. "आत कुणी शिरूच शकत नाही."

"शिरेल कशाला? तुम्ही सगळं उंबऱ्यावर मांडून ठेवलंय."

"घराजवळचा नकाशा झाकलाय मी."

"तिच्या घड्याळाचाही?"

गुरुराजने लॅपटॉप पुढे ओढला. "त्याला वेगळं करावं लागतं. राहिलं ते. थोडे दिवस हिचं पळणं बंद ठेवू, तोवर मी बघतो."

"माझं का बंद?" सिंचना ओरडली. "पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड आहे, अप्पा!"

पद्मिनीने गॅस बंद केला. लेकीच्या हातातलं घड्याळ सोडवून तांदळाच्या डब्यात टाकलं.

"सिंचना उद्याही पळेल. दुसऱ्या रस्त्याने, आणि मी स्कूटरवर मागे असेन. सकाळचा नाश्ता तुम्ही करायचा. साइट आत्ता, माझ्यासमोर, बंद करा."